पान्याने न काढलेल्या ओळी

खुर्चीशी पान्याचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. एकोणीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत फिरला, तेव्हा बूड टेकायला मिळालं ते उलट्या बादलीवर, मशीनरूमच्या उंबऱ्यावर, नाहीतर लिफ्टच्या छतावरच्या लोखंडी पट्टीवर. आता ऑफिसात त्याला चाकांची खुर्ची मिळाली होती, पाठीला जाळी आणि हाताला दोन दांड्या. दर दहा मिनिटांनी तो तिच्यातून उठायचा. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी उघडायला, आणि परत तीच खिडकी लावायला. शेजारच्या टेबलावर तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलंच, "अहो, तुम्हाला चावतंय काय?"

"गुडघा आखडतो," पाना म्हणाला.

हे निम्मं खरं होतं. मागच्या वर्षी मशीनरूमच्या शिडीवरून उतरताना पायरी निसटली आणि उजव्या गुडघ्याचा निकाल लागला. डॉक्टरांनी शिडी कायमची बंद केली. शिडी बंद म्हणजे लिफ्टवाल्याचा धंदाच बंद. कंपनी त्याला स्टोअरच्या काउंटरवर बसवू शकली असती, नट आणि वॉशर मोजून द्यायला. पण त्याच सुमारास साहेबांच्या डोक्यात ॲप शिरलं होतं.

त्याचं असं झालं होतं. कंपनीत लिफ्ट तपासणारे आठ मेकॅनिक. प्रत्येक लिफ्टचं महिन्याला एक तपासणी कार्ड भरायचं: दोराची जाडी, ब्रेक, दारं, सगळं. ही कार्डं ऑफिसात पोचायची पंधरा दिवसांनी, ग्रीस पिऊन पारदर्शक झालेली. ते सगळं फोनवर व्हावं असं साहेबांना वाटायला लागलं. त्यांनी एक बाहेरची कंपनी बोलावली, पण त्या पोरांना दोर आणि वायर यांतला फरक समजावण्यातच दोन मीटिंगा गेल्या. तेव्हा साहेब पान्याला म्हणाले, "त्यांना लिफ्ट शिकवण्यापेक्षा तुम्हाला ॲप शिकवलेलं परवडेल. तीन महिने घ्या. मग एक आठवडा चाचणी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आठच्या आठ जणांची कार्डं फोनवरून आली, तर हे काम तुमचं. निम्मी कागदावर आणि निम्मी फोनवर, असं मला नको. तसं झालं तर ॲप त्या पोरांकडे आणि तुम्ही काउंटरवर."

पाना हे काही त्याचं नाव नव्हे. नाव होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीवर आणि सासुरवाडीत. बाकी जगात तो पाना, कारण मागच्या खिशात बारा नंबरचा पाना घेतल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाला मागे फुगवटा आहे. बायको अजून म्हणते, "मला वाटलं, नवऱ्याच्या पाठीतच काही दोष आहे. घरच्यांनी लपवला."

ॲप शिकवायला एक मुलगी होती. वय चोवीस, आठवड्यातून दोनदा कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रकट व्हायची. पाना तिला मास्तरीणबाई म्हणायचा आणि ती त्याला काका. एकेचाळिसाव्या वर्षी काका व्हायची त्याची तयारी नव्हती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं होतं.

तिने सुरुवातीलाच त्याला एक तयार नमुना दिला. घरपोच केक देणाऱ्या कुठल्याशा दुकानाचं ॲप होतं ते. "हे घ्या, काका. केक काढा, लिफ्ट घाला. कोऱ्या कागदावरून कोणीच सुरुवात करत नाही."

पान्याला ते पटलं. जुन्या लिफ्टचा सांगाडा ठेवून नवी केबिन बसवतात, तसंच हे. त्याने केकचे फोटो काढले आणि ब्रेकचे घातले. 'क्रीम कोणतं हवं' तिथे 'दोराची जाडी' आली. बटणं, रकाने, रंग, सगळं हळूहळू लिफ्टचं झालं. राहिली ती कॉन्फिग फाईल.

कॉन्फिग फाईल म्हणजे काय, हे मास्तरीणबाईंनी तीन वेळा सांगितलं आणि चौथ्यांदा पान्याने स्वतःच स्वतःला सांगितलं तेव्हा कळलं. लिफ्टच्या केबिनमध्ये पत्र्याची एक पाटी असते: माणसं किती, वजन किती, बसवली कोणी, नंबर काय. लिफ्ट कशी चालते ते पाटी सांगत नाही, लिफ्ट कोण आहे ते सांगते. तशी ही ॲपची पाटी. ॲपचं नाव, चित्र, कितवी आवृत्ती, फोन ज्यावरून ओळखतो ती त्याची ओळख, आणि ते फोनकडे काय काय मागणार. महिरपी कंसात बसवलेल्या चौऱ्याहत्तर ओळी. एक स्वल्पविराम जास्त झाला तरी सगळं ठप्प.

त्या चौऱ्याहत्तरांतल्या वीसेक ओळी पान्याला कळल्या. त्या त्याने बदलल्या. बाकीच्या त्याने हातसुद्धा न लावता ठेवल्या.

"लागत नाहीत त्या काढून टाका, काका."

"लागत नाहीत हे कशावरून?"

"म्हणजे केकच्या आहेत ना त्या."

"केकच्या आहेत की सांगाड्याच्या आहेत, हे मला कुठे कळतंय?"

यात मास्तरीणबाईंना हट्ट दिसला, पण तो एकोणीस वर्षांचा कायदा होता. हा कायदा त्याला शिकवला होता दादांनी. दादा म्हणजे आठ मेकॅनिकांतले सगळ्यात जुने, पान्याचे जोडीदार. अकरा वर्षं दोघांनी एकच जेवणाचा डबा आणि एकच टॉर्च वापरली. पहिल्याच दिवशी पान्याने पॅनेलमधला एक सुटा दिसणारा स्क्रू काढायला हात घातला, तेव्हा दादांनी त्या हातावर फटका मारला होता. "ज्याचं काम कळत नाही तो भाग काढायचा नाही. बसवणारा तुझ्यापेक्षा येडा नव्हता."

तेव्हा पान्याने त्या ओळी काढल्या नाहीत. उलट लिफ्टवाल्याच्या सवयीने एकेका न कळणाऱ्या ओळीशेजारी चिठ्ठी टांगली: 'काम माहीत नाही, हात लावू नये.' मग ॲप सुरूच होईना. पूर्ण दिवस तो खुर्ची आणि खिडकी यांच्यामध्ये येरझारा घालत होता. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी फाईल उघडली आणि तोंडावर हात ठेवला.

"काका, या फाईलमध्ये गप्पा मारलेल्या चालत नाहीत."

चिठ्ठ्या निघाल्या. ओळी राहिल्या.

चाचणी सोमवारी सुरू व्हायची होती. शनिवारी मास्तरीणबाईंनी आठवण केली, की ॲपची ओळख अजून केकवाल्याचीच आहे, तेवढी बदला. पान्याने ती बदलली, ॲप तयार केलं आणि आठ जणांना कंपनीने दिलेल्या फोनवर पाठवलं. ओळख बदलली की फोनच्या लेखी ते परकं ॲप होतं आणि फोन सगळे प्रश्न नव्याने विचारतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या फोनने ते प्रश्न तीन महिन्यांपूर्वी, केकच्या काळात विचारले होते, आणि तेव्हा शिकण्याच्या उत्साहात त्याने सगळ्याला हो म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी मेकॅनिकांच्या खोलीत आठ जण लोखंडी कपाटांना टेकून फोन उघडत होते. पाना दाराशी उभा होता, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकत. सगळ्यात आधी बडबड्याचा आवाज आला. बडबड्या म्हणजे आठांतला सगळ्यात तरुण. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना तो बाहेरून इतकं बोलून धीर देतो, की काही जण 'आतच बरे होतो' म्हणतात.

"पान्या, हे तुमचं ॲप विचारतंय, तुमच्या ठिकाणाची माहिती देऊ का. आणि खाली लिहिलंय, 'ताजा केक तुमच्या दारात वेळेवर पोचवण्यासाठी.'"

"माझ्याकडे मायक्रोफोन मागतंय," दुसरा म्हणाला. "'केकवर काय लिहायचं ते बोलून सांगा.'"

"मला मित्रांचे नंबर मागितले. त्यांनाही केक देणार म्हणतंय."

"कंपनी सुधारली रे. इतकी वर्षं नुसतं ग्रीस दिलं."

"पान्या, माझ्या केकवर लिही, 'ब्रेक पॅड बदलणे.'"

पान्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तोही हसला, पण ते हसू गालापर्यंतच होतं. "जुन्या नमुन्याचं राहिलंय," तो म्हणाला. "काहीही दाबा, पुढे जा." बडबड्याने पुढचं न वाचता तीनदा हो दाबलं. आणखी दोघांनी दाबलं. दादांनी काहीच दाबलं नाही. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते पडद्याकडे बघत राहिले, मग फोन खिशात टाकून पिशवी उचलून कामाला गेले.

पान्याने लगेच मास्तरीणबाईंना फोन लावला.

"काढा ना त्या ओळी," त्या म्हणाल्या. "ॲप ती यादी वाचतं आणि एकेक मागत जातं. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं होतं. पण चाचणी सुरू झाली होती, आणि चालू लिफ्टचं पॅनेल कोणी उघडत नाही. एखादी ओळ काढली आणि आठ जणांच्या हातात ॲप मेलं तर? त्याने ठरवलं, आठवडा जाऊ दे. केकवरून टर उडवतील, उडवू देत.

मंगळवारी दुपारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचा चेहरा खुलला होता. केकवाल्या नमुन्यात ऑफिससाठी एक पान होतं, केक घेऊन निघालेली पोरं कुठवर पोचली ते दाखवणारा नकाशा. ते पान पान्याने कधी नीट उघडलंच नव्हतं. साहेबांनी उघडलं होतं. नकाशावर तीन ठिपके हलत होते.

"हे सांगितलं नाहीत तुम्ही," साहेब म्हणाले. "हे तर कार्डांपेक्षा भारी निघालं."

"साहेब, ते चुकून राहिलंय."

"चुकून राहिलेलं बरंच काही कामाचं असतं. गेल्या महिन्यात एक आजी पन्नास मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या, आठवतंय? आपल्यातलं कोण जवळ आहे हेच मला कळेना. हे राहू दे. बाकीचे पाचही आणा यावर."

पाना बाहेर येऊन खुर्चीत बसला आणि बसल्याबसल्या उठला.

खरा घोळ संध्याकाळी झाला. बडबड्या किल्ल्या जमा करायला ऑफिसात आला आणि साहेबांनी अगदी मायेने विचारलं, "केस छान कापलेत. चाळीस मिनिटं लागली ना?"

बडबड्याने डोक्यावरून हात फिरवला. त्याने आधी साहेबांकडे पाहिलं, मग खिशातल्या फोनकडे आणि शेवटी पान्याकडे. मग नेहमीच्या गप्पा न मारता तो किल्ल्या ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकांच्या खोलीतल्या खिडकीच्या कठड्यावर आठ फोन ओळीने पालथे ठेवलेले होते, आणि सगळ्यांच्या वरच्या खिशात कागदाची कार्डं होती. कोणी भांडलं नाही. पाना आत आला तसं बोलणं थांबलं, आणि तो बाहेर गेल्यावर परत सुरू झालं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी घरी त्याने चपला काढल्या, परत घातल्या, जिना उतरून खाली गेला आणि काही न आणता वर आला. बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करते. दिवसभर लोकांना 'हे बरं दिसतं की ते' विचारून झाल्यावर घरी ती सरळ प्रश्न विचारते.

"ती ओळ काढायला काय लागतं?"

"दोन मिनिटं."

"मग?"

"साहेब ठेव म्हणतात. काढली तर साहेब नाराज, ठेवली तर पोरं फोनला हात लावणार नाहीत. म्हणजे दोन्हीकडून मी काउंटरवर."

"मग काउंटरवर ती ओळ काढून बसायचं की ठेवून, तेवढंच ठरवायचंय ना?"

"तू माझी चेष्टा करतेस."

"अहो, मी नंबर काढतेय तुमचा. आणि जरा बसा, मला चक्कर येते तुमच्याकडे बघून."

गुरुवारी सकाळी तो दादांना गाठायला बाहेर पडला. दादा एका दवाखान्याच्या इमारतीत तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडून बसले होते. पान्याला बघून त्यांनी हातोडी बाजूला ठेवली नाही.

"काय, कुठे दिसतोय मी आज? नकाशावर सापडलो नाही म्हणून चालत आलास?"

"दादा, तुम्ही तरी असं बोलू नका. मी मुद्दाम नाही केलेलं. त्या ओळी नमुन्यात होत्या. काम माहीत नव्हतं, म्हणून काढल्या नाहीत. तुम्हीच शिकवलंय, ज्याचं काम कळत नाही तो भाग काढायचा नाही."

दादांनी दाराच्या रुळावरची माती बोटाने काढली, पुसली.

"आणि पुढचं?"

"पुढचं काय?"

"कळेपर्यंत लिफ्टमध्ये माणसं घ्यायची नाहीत. हे त्याच दिवशी सांगितलं होतं. तू अर्धं घेऊन गेलास." त्यांनी आवाज चढवला नाही. "आठ माणसं आत घातलीस रे. पाटी न वाचता."

पाना उभाच राहिला. परतताना गुडघा ठणकत होता, तरी तो बसथांब्यावर थांबला नाही, चालत आला.

ऑफिसात त्याने फाईल कागदावर छापली. दोन पानं झाली. मास्तरीणबाईंचा तास नव्हता, तरी त्याने फोन लावला. "प्रत्येक ओळ विचारणार आहे. कंटाळा आला तर सांगा, मी थोड्या वेळाने परत विचारीन."

"काका, चौऱ्याहत्तर?"

"मला कळलेल्या वीस सोडून चोपन्न."

दोन तास लागले. एकेका ओळीसमोर तो पेन्सिलीने तिचं काम लिहीत गेला. सुरुवातीच्या चित्राची मागची बाजू कुठल्या रंगाची. फोन किती जुना चालेल. चार-पाच ओळी सांगाड्याच्या निघाल्या, त्या काढल्या असत्या तर ॲप खरंच उघडलं नसतं. तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटलं. दोन ओळींचं काम मास्तरीणबाईंनाही सांगता येईना.

"मग तुम्ही कशा ठेवता?" त्याने विचारलं.

"असतात म्हणून ठेवते," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच शोधून काढलं, त्या मेणबत्त्यांच्या जाहिरातीच्या होत्या.

मायक्रोफोन गेला. मित्रांचे नंबर गेले. आता त्या कागदावर कामाशिवाय एकही ओळ नव्हती. उरली ती ठिकाणाची, आणि तिचं काम तर आता सगळ्यांनाच माहीत होतं. तिच्याखाली कारण लिहायची जागा होती. कारण दिल्याशिवाय फोन तो प्रश्न पुढेच जाऊ देत नाही, हे मास्तरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं. पाना कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, ठिकाण ठेवायचं म्हणालात. मग कारण सांगा. केकचं काढलंय, तिथे काय लिहू?"

"लिहा ना काहीतरी. 'उत्तम सेवेसाठी.'"

"कोणाची सेवा?"

"अहो, सगळे तसंच लिहितात."

"आपण कार्डावर 'ब्रेक उत्तम' लिहितो का? किती मिलिमीटर ते लिहितो. तुम्हीच परत पाठवता नाहीतर."

साहेब जरा हसले. "बरं, मग मिलिमीटरमध्ये लिहा. काय खरं असेल ते लिहा."

पान्याने खरं असेल ते लिहिलं. दहा मिनिटांत नवं ॲप तयार झालं, पण मेकॅनिकांना न पाठवता त्याने ते फक्त साहेबांच्या फोनवर पाठवलं. "आधी तुम्ही उघडून बघा. चालतंय का ते कळेल."

साहेबांनी उघडलं. फोनने विचारलं: 'तुमच्या ठिकाणाची माहिती या ॲपला देऊ का?' आणि खाली: 'कामाच्या वेळेत तुम्ही कुठे आहात आणि तिथे किती वेळ थांबलात हे ऑफिसात बसून बघता यावं म्हणून.'

साहेबांनी वाचलं आणि दुसरा कसलाही विचार न करता 'नको' दाबलं.

दाबल्यावर त्यांना कळलं आपण काय दाबलं. अंगठा तसाच हवेत राहिला. पाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, अगदी बारीक नजरेने, जणू ते दुरुस्तीला आलंय.

"हे असंच सगळ्यांना दिसणार?" साहेबांनी विचारलं.

"आठही जणांना."

"जरा सौम्य नाही करता येणार?"

"सौम्य केलं तर खोटं होईल. आणि खोटं त्यांना परवा कळलंच आहे."

साहेबांनी फोन उलटा ठेवला. खुर्ची खिडकीकडे फिरवली, परत इकडे फिरवली. पान्याला वाटलं, बसून राहण्याचा त्रास फक्त आपल्यालाच नाही.

"त्या आजींचं काय मग? पन्नास मिनिटं."

"फोन करा ना. कोण जवळ आहे विचारा. पोरं सांगतील. बडबड्या तर शेजारी कोण उभं आहे तेही सांगेल."

"काढा," साहेब शेवटी म्हणाले. "नकाशाचं पानही काढा, नाहीतर मी परत उघडीन. पण एक सांगतो, शुक्रवार तोच आहे. आठ म्हणजे आठ. त्यात मला काही करता येणार नाही."

शुक्रवारी सकाळी पान्याने ते दोन छापील कागद मेकॅनिकांच्या खोलीतल्या फळ्यावर पिनांनी टोचले. प्रत्येक ओळ आणि शेजारी पेन्सिलीने तिचं काम. काढलेल्या ओळींवर काट मारलेली, पण वाचता येईल अशी. भाषण करायचं त्याच्या मनात होतं. ते त्याने काल रात्री दोनदा पाठही केलं होतं. प्रत्यक्षात तो एवढंच म्हणाला, "माझं चुकलं. पाटी न वाचता आत घातलं. आता फक्त कॅमेरा मागेल."

बडबड्या फळ्यापाशी गेला आणि मोठ्याने वाचायला लागला. सहाव्या ओळीला बाकीचे 'पुरे' म्हणून ओरडले, तेव्हा थांबला. "नकाशा?" त्याने विचारलं.

"काढला."

"साहेबांनी काढू दिला?"

"साहेबांनी स्वतःच 'नको' दाबलं."

हे कसं झालं ते पान्याला तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा बडबड्याने मध्येमध्ये भर घातली. एकेक जण कठड्यावरून आपला फोन उचलून गेला. दादा आलेच नव्हते. ते घरूनच परस्पर कामावर गेले होते. त्यांचा फोन कठड्यावर एकटाच पालथा पडून होता.

दहा वाजता पहिलं कार्ड आलं. पाना उठून उभा राहिला. सव्वाअकरापर्यंत चार. जेवायच्या सुट्टीत दोन. फोन घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही खुर्चीची चाकं झिजवाल," पण तो खुर्चीत नव्हताच. तीन वाजता सातवं आलं. साहेब केबिनच्या काचेतून बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. साडेतीनला पान्याने कठड्यावरचा फोन आणि आपला लॅपटॉप पिशवीत टाकला आणि निघाला.

दादा चार मजली शाळेच्या इमारतीत होते. शाळा सुटली होती. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं ठेवून ते दाराच्या उंबऱ्याची खाच तपासत होते. शेजारी जमिनीवर अर्धं भरलेलं कागदाचं कार्ड.

"फोन विसरलात," पाना म्हणाला.

"विसरलो नव्हतो."

पान्याने फोन पुढे केला. दादांनी हात पुसले, चष्मा खाली घेतला आणि ॲप उघडलं. एकच प्रश्न आला. तो त्यांनी वाचला, मग खालचं कारणही वाचलं, ओठ हलवत: 'दोर, ब्रेक आणि दारांचे फोटो तपासणी कार्डाला जोडण्यासाठी. फोटो तुम्ही काढाल तेव्हाच.'

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"बाकीच्या ओळी?"

"सगळ्या माहीत आहेत."

"सगळ्या?"

"वीस आधीच कळत होत्या. चोपन्न विचारून घेतल्या. विचारा कुठलीही."

दादांनी विचारली नाही. कॅमेऱ्याला हो म्हटलं, खाली वाकून खाचेचा फोटो काढला, कार्डाचे रकाने एका बोटाने भरायला लागले. त्यांचं बोट इतकं सावकाश चालत होतं की पान्याला तो फोन ओढून घ्यावासा वाटत होता. त्याने दोन्ही हात खिशात घातले. चार वाजून दहा मिनिटांनी दादांनी पाठवण्याचं बटण दाबलं आणि कागदाचं कार्ड घडी घालून पिशवीत टाकलं.

पान्याने भिंतीला पाठ टेकवली.

"पण एक आहे," दादा म्हणाले. "ही खाच आडवी. फोन आडवा धरला की अक्षरं उभीच राहतात. मान वाकडी करून भरलं मी सगळं. हे वळत का नाही?"

"फोन उभाच धरायचा, अशी एक ओळ आहे."

"का आहे?"

"केकचा फोटो उभा चांगला दिसतो म्हणून असेल." मग पाना थांबला. असेल, हे उत्तर चालणार नव्हतं. "विचारून सांगतो. कळलं की बदलतो."

"सोमवारी?"

पाना तोवर पायरीवर बसून लॅपटॉप उघडत होता, एक पाय हलवत. "आत्ताच विचारतो," तो म्हणाला, आणि मास्तरीणबाईंचा नंबर लावला.